धागा : वर्तमानपत्रांतील जुन्या छायाचित्रांमधून रत्नागिरी जिल्हा – हर्णै बंदराचे एक कात्रण आणि त्याचे वर्ष

धागाकर्ती :

माझे वडील दापोली तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत जुन्या हिशेबाच्या वहीच्या पानांवर खळीने चिकटवलेली सुमारे चाळीस कात्रणे मिळाली असून ती सर्व वर्तमानपत्रांत छापून आलेली छायाचित्रे आहेत. बंदरे, होड्या, खाडीवरचे तर (माणसे-गाड्या पलीकडे नेणाऱ्या नावा), एसटीच्या गाड्या, पुरात उभी असलेली घरे, शाळेच्या इमारतींची उद्घाटने असे त्यांचे विषय आहेत. वडिलांनी प्रत्येक चित्र कडेने इतके नेटके कापले आहे की वर्तमानपत्राचे नाव आणि दिनांक दोन्ही गेले. काहींच्या खालची ओळ तेवढी राहिली आहे.

ही कात्रणे गावच्या वाचनालयाला द्यावीत असे आम्हा भावंडांचे ठरले आहे. नुसते चित्र दिले तर पाहणारा 'जुना काळ' म्हणून पुढे जाईल, आणि तसे व्हायला नको आहे. प्रत्येक चित्रासोबत ठिकाण, निदान अंदाजे वर्ष आणि तो अंदाज कशावरून केला हे लिहिलेले असावे, अशी माझी इच्छा आहे. म्हणून एकेक कात्रण इथे मांडते.

पहिले कात्रण हर्णै बंदराचे आहे. दूर समुद्रात आगबोट उभी आहे. अलीकडे माणसांनी भरलेला एक पडाव (माणसे-माल नेणारी मोठी होडी) आहे आणि कमरेएवढ्या पाण्यात हमाल उभे आहेत. त्यांपैकी दोघांनी हातांची बैठक करून एका नऊवारीतील बाईला उचलले आहे. डावीकडे बांबूच्या करंड्यांची रास दिसते. खालच्या ओळीत 'हर्णै बंदरांत उतारूंची गर्दी' एवढेच शब्द आहेत. चित्र मुंबईहून आलेली माणसे उतरत असतानाचे आहे, असे मी धरून चालले आहे. हे कात्रण फक्त चार कोपऱ्यांवर चिकटवलेले असल्यामुळे मागची बाजू थोडी वाचता येते आणि तिथे एका दुकानाच्या जाहिरातीचा तुकडा आहे. याचे वर्ष कसे ठरवावे?

जुना कंपोझिटर :

छापखान्यात खिळे (छपाईची धातूची अक्षरे) जुळवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, त्यामुळे कात्रण हाती आले की मी आधी ते उलटून पाहतो. वडिलांनी समोरची बाजू जपली, पण वर्ष बहुधा मागच्या बाजूलाच सापडते. जाहिरातीत किंमत कशी छापली आहे ते पाहावे. रुपये-आणे-पै असेल तर कात्रण साधारणपणे १ एप्रिल १९५७च्या आधीचे धरावे, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. 'न. पै.' म्हणजे नवे पैसे असतील, तर ते १९५७ ते १९६४ या काळातले आहे, कारण १ जून १९६४पासून 'नवे' हा शब्द गळाला आणि नुसते पैसे राहिले. पत्त्यात सहा आकडी पिन कोड असेल तर कात्रण १५ ऑगस्ट १९७२नंतरचे आहे.

दुसरी खूण अनुस्वारांची. 'बंदरांत' असे तुम्ही टंकले आहे, ते मूळ छपाईबरहुकूम असेल तर महत्त्वाचे आहे. गांव, नांव, कोंकण, घरें असे अनुस्वार मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनंतर हळूहळू गेले. मात्र नियम झाले म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्या छापखान्यांनी ते पाळले असे घडले नाही. जुन्या कंपोझिटरांचा हात अनुस्वाराकडे कितीतरी वर्षे जात राहिला. त्यामुळे ही खूण आधाराला घ्यावी, केवळ तिच्यावर निर्णय करू नये.

आता 'उतारू' या शब्दाविषयी. त्याचा अर्थ उतरणारा असा नाही. जुन्या मराठीत उतारू म्हणजे प्रवासी, मग तो चढणारा असो वा उतरणारा. चित्रातली माणसे मुंबईहून आली की मुंबईला निघाली, हे त्या ओळीवरून ठरत नाही.

हर्णैकर :

कंपोझिटरांनी उतारूचा अर्थ सांगितला ते बरे झाले, कारण माझ्या मते ही माणसे मुंबईला निघाली आहेत आणि त्याचा पुरावा करंड्यांत आहे. बांबूच्या करंड्या पेंढा घालून आंब्यांसाठी भरत. किनाऱ्यावर रचलेल्या करंड्या पडावाची वाट पाहत असतील, तर माल जाणारा आहे. परत आलेल्या रिकाम्या करंड्या एकात एक घातलेल्या असतात आणि त्यांची तोंडे शिवलेली नसतात. धागाकर्तींनी भिंगाखाली करंड्यांची तोंडे पाहून सांगावे.

आमच्याकडे आगबोट किनाऱ्याला लागत नसे. ती खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही, पडाव तिच्या कुशीला जाई आणि हलत्या पडावातून हलत्या बोटीच्या शिडीवर पाय टाकावा लागे. पडावापर्यंत जाण्यासाठीही पाणी तुडवावे लागे. बायकांना हमाल हातांच्या बैठकीवर नेत, पुरुष आणि मुले खांद्यावर जात. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी करीत खाली विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ल्याकडे जाई. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे. मे महिन्यात चाकरमानी परतायचे आणि आंबाही जायचा, त्यामुळे पावसापूर्वीच्या शेवटच्या बोटींना झुंबड उडे. चित्रातली गर्दी त्या दिवसांतली वाटते.

धागाकर्ती :

भिंगाखाली पाहिले. करंड्यांची तोंडे सुंभाने शिवलेली आहेत आणि त्या एकावर एक रचल्या आहेत, एकात एक नाहीत. उतारू या शब्दाबाबत माझी समजूत चुकीची होती.

मागच्या जाहिरातीत '३ रु. ७५ न. पै.' अशी किंमत आहे. तिच्या शेजारच्या स्तंभात कसल्या तरी निविदेचा तुकडा असून त्यात 'महाराष्ट्र राज्य' हे शब्द स्पष्ट वाचता येतात.

जुना कंपोझिटर :

मग आपण बरेच जवळ आलो. 'महाराष्ट्र राज्य' हे शब्द बातमीत किंवा अग्रलेखात असते तर मी थांबा म्हटले असते, कारण संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ते १९६०च्या आधीपासून छापले जात होते. सरकारी निविदेत ते यायचे तर राज्य अस्तित्वात आलेले हवे. म्हणजे १ मे १९६०च्या पुढे आणि 'न. पै.'मुळे १ जून १९६४च्या आत. हर्णैकरांचे आंब्याच्या हंगामाचे म्हणणे धरले, तर १९६० ते १९६४ एवढे पाचच उन्हाळे उरतात.

दर्यावर्दी :

हंगामाला आणखी एक साक्ष सावल्यांची आहे. हर्णैचे अक्षांश १७.८ अंशांच्या आसपास आहेत, त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली गोळा होते. डिसेंबर-जानेवारीत भर दुपारीही सावली उत्तरेकडे चांगली लांब पडते. किनाऱ्यावरील माणसांच्या आणि करंड्यांच्या सावल्या कशा आहेत?

त्या आखूड असतील, तर वेळ मध्यान्हीची ठरते आणि मग पाण्याची पातळी बोलू लागते. भरतीचा हिशेब आम्ही तिथीवरून करतो. तिथीची पाऊणपट केली की बारानंतर किती तासांनी पूर्ण भरती येणार ते कळते. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास, चतुर्थीला तीनच्या आणि अष्टमीला सहाच्या सुमारास. म्हणजे अष्टमीला दुपारी बाराला ओहोटी असते. शिवाय ते दिवस भांगाचे असल्यामुळे पाणी उधाणासारखे फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. चित्रातल्या खडकांवर ओला काळपट पट्टा उघडा पडलेला दिसत असेल, तर पाणी उतरलेले आहे आणि तिथी सप्तमी-अष्टमीच्या आगेमागे असावी. खडक पाण्याखाली असतील, तर अमावास्या किंवा पौर्णिमा जवळ आहे. बंदरावरचा हिशेब घड्याळासारखा काटेकोर नसतो, त्यामुळे दोन-तीन दिवसांचे मागेपुढे धरावे.

धागाकर्ती :

सावल्या अगदी पायाशी आहेत. उजव्या कोपऱ्यातील खडकावर ओला पट्टा मला तरी दिसतो आहे, पण छपाईच्या ठिपक्यांमुळे खात्रीने सांगता येत नाही.

खाडीपलीकडे :

मी हे चित्र चेहरे आणि अक्षरे स्पष्ट करून देणाऱ्या संगणकीय आज्ञावलीतून काढले. आगबोटीच्या नाकाडावर 'रोहिणी' असे नाव वाचता येते आहे. त्या नावाची बोट कोकण किनाऱ्यावर होतीच, तेव्हा हे नाव चित्राखाली लिहायला हरकत नसावी.

जुना कंपोझिटर :

माझी हरकत आहे आणि तिचे कारण सविस्तर सांगतो. वर्तमानपत्रातील छायाचित्र हे मुळातच छायाचित्राचे ठिपक्यांत केलेले रूपांतर आहे. मूळ फोटो जाळीतून घेऊन जस्ताच्या पत्र्यावर आम्लाने कोरीत. त्याला ब्लॉक म्हणत. दैनिकाच्या खरबरीत कागदासाठी ही जाळी इंचाला ६५ रेषांच्या आसपास असे. त्याहून बारीक केली तर शाई भरून चित्र काळे होई. तुमच्या चित्रातील आगबोट एखादा इंच लांब असेल, तर तिच्या नाकाडावरील अख्ख्या नावाच्या वाट्याला पाच-सहा ठिपके येतात. एवढ्या ठिपक्यांत तीन अक्षरे असू शकत नाहीत. आज्ञावलीने जे दाखवले ते तिने स्वतः रचले आहे. चेहऱ्यांचेही तसेच होते. उद्या कोणी त्या रचलेल्या चेहऱ्यात आपले आजोबा ओळखील आणि ती ओळख पिढ्यान्‌पिढ्या चालेल.

'रोहिणी', 'चंद्रावती' ही नावे अनेकांच्या आठवणीत आहेत, म्हणूनच ती कुठल्याही बोटीला चिकटवण्याचा मोह होतो. नाव वाचता येत नसेल, तर ते लिहू नये.

खाडीपलीकडे :

पटले. मूळ चित्र मोठे करून पाहिले, तेव्हा त्या जागी खरोखर चार-पाच राखाडी ठिपके आहेत. माझे चित्र मी इथून काढून टाकले आहे.

तळकोकणी :

ज्यांना अशी चित्रे शोधायची आहेत, त्यांच्यासाठी जिल्ह्याच्या नावाविषयी लिहितो. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. त्याआधीच्या वर्तमानपत्रांत मालवण, वेंगुर्ले, देवगड, कणकवली यांच्यापुढे 'जि. रत्नागिरी' असेच छापलेले असते. मे १९३०मधील शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहाची माहिती सिंधुदुर्ग म्हणून शोधली तर हाती काही लागत नाही, कारण तेव्हाच्या वर्तमानपत्रांच्या लेखी शिरोडे रत्नागिरी जिल्ह्यात होते. सावंतवाडी हे १९४८पर्यंत संस्थान होते, त्यामुळे तिथल्या बातम्या संस्थानी वार्तांच्या सदरात सापडतात. उत्तरेला रायगडाचे नाव १९८१पर्यंत कुलाबा होते. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या बातम्यांत रेवस कुलाबा जिल्ह्यातले आहे.

आणखी एक गोष्ट. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते त्या काळात, म्हणजे १९२४ ते १९३७मध्ये, रत्नागिरीतून 'सत्यशोधक', 'बळवंत' अशी साप्ताहिके निघत होती. अशा जिल्हा-पत्रांत छायाचित्रे फार थोडी दिसतात. ब्लॉक मोठ्या शहरातून करवून आणायचा म्हणजे खर्च आणि वेळ दोन्ही जाई. त्यामुळे एकदा केलेला ब्लॉक जपून ठेवून पुन्हा पुन्हा छापला जाई. एखाद्या पुढाऱ्याचे तेच तरुणपणीचे चित्र त्याच्या सत्काराच्या बातमीत येते आणि पुढे निधनाच्या बातमीतही येते. चित्र छापल्याची तारीख आणि ते टिपल्याची तारीख एकच असते असे नाही, हे चित्राखाली लिहिताना विसरू नये.

धागाकर्ती :

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. मग हर्णैच्या चित्राबाबत आपण ठरवलेला काळ छपाईचा झाला, टिपण्याचा नव्हे.

तळकोकणी :

होय. गर्दीचे चित्र सहसा ताज्या बातमीसाठीच घेतले जाते, त्यामुळे दोन्ही काळ जवळचे असण्याचा संभव अधिक आहे. तरी लिहिताना 'छपाई' हा शब्द घालावा.

हर्णैकर :

तुम्ही सुरुवातीला एसटीच्या गाड्यांच्या चित्रांचा उल्लेख केला होता, त्यांपैकी एक म्हणजे कात्रण क्रमांक १७. ते चित्र मला वेगळे पाठवल्याबद्दल आभार. ते उलटे छापलेले आहे. एसटीत चढण्याचा दरवाजा डाव्या अंगाला असतो. या चित्रात गाडीचे तोंड आपल्या उजवीकडे आहे आणि तरीही दरवाजा आपल्या बाजूला दिसतो, म्हणजे तो गाडीच्या उजव्या अंगाला पडतो. शेजारी उभ्या असलेल्या दोन्ही बायकांचा पदरही उजव्या खांद्यावर आहे.

जुना कंपोझिटर :

बरोबर आहे. ब्लॉक करताना काचेची निगेटिव्ह पालथी पडली की असे होई. गाडीवर अक्षरे असती तर छापखान्यात चूक कळली असती, पण धुळीने माखलेल्या गाडीवर ती दिसत नाहीत. ठिकाण ओळखायचे असेल, तर आधी हे चित्र आरशात पाहावे. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ला पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, तेव्हा चित्र त्यानंतरचे एवढे निश्चित. नंबराची पाटी वाचता आली आणि ती 'एमएच ०८'ने सुरू होत असेल तर गाडी १९८९नंतरची. तीन रोमन अक्षरांनी सुरू होत असेल तर त्याआधीची.

कागदवाली :

कागदांचे जतन हे माझे काम आहे, म्हणून तेवढ्यापुरते लिहिते. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातील लिग्निन या लाकडातल्या द्रव्यामुळे तो उजेडात पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. ही कात्रणे वाचनालयात काचेखाली कायमची लावू नयेत. प्रती लावाव्यात आणि मूळ कात्रणे आम्लरहित कागदाच्या पाकिटात, अंधाऱ्या व कोरड्या कपाटात ठेवावीत. कोकणातल्या पावसाळ्यात कपाट भिंतीपासून चार बोटे दूर असावे. चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये, कारण ते परत काढता येत नाही.

खळीने चिकटलेली कात्रणे ओढून सोडवण्याचा मोह आवरावा. हिशेबाच्या वहीचे पानही पुरावाच आहे. त्यावर दिनांक असेल, तर कात्रण त्यानंतर चिकटवले गेले एवढे तरी समजते. प्रत काढताना कात्रणाच्या मागे काळा कागद ठेवावा, म्हणजे पाठची छपाई चित्रातून डोकावत नाही. छापील ठिपके आणि यंत्राची जाळी यांची गाठ पडून लाटांसारखी नक्षी उमटते. ती टाळण्यासाठी ६०० ठिपके प्रतिइंच एवढ्या सूक्ष्मतेने प्रत घ्यावी आणि ठिपके पुसट करण्याची सोय वापरायचीच असेल तर दुसऱ्या प्रतीवर वापरावी. पहिली प्रत जशीच्या तशी ठेवावी.

आणि आजची वर्तमानपत्रेही दिनांकासकट ठेवा. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात 'बसरा स्टार' हे जहाज रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर येऊन रुतले. त्याची चित्रे आज सर्वांच्या फोनमध्ये आहेत, पण दिनांक, पान आणि खालच्या ओळीसह छापील अंक किती घरांत उरला असेल याची मला काळजी वाटते.

धागाकर्ती :

काल हर्णैचे चित्र घेऊन आंजर्ल्याला आत्याकडे गेले. तिचे वय ८६ आहे. तिने माणसांकडे पाहिलेच नाही. तिचे बोट आधी पडावावर गेले आणि ती म्हणाली, "शीड गुंडाळलंय बघ, वल्ह्यांवर चाललाय. वारा पडलेला होता." मग तिने त्या उचललेल्या बाईकडे पाहिले आणि सांगितले की बैठकीवर बसताना हमालाच्या मानेला हात घालावा लागे, याची नव्या सुनांना फार लाज वाटे आणि म्हणून कित्येक जणी डोळे मिटून घेत. चित्रातल्या बाईचा हात खरोखरच हमालाच्या मानेभोवती नाही. तिने स्वतःच्या डोक्यावरचा पदर धरला आहे. मी हे चित्र पन्नास वेळा पाहिले असेन, पण तो हात मला दिसला नव्हता.

वडिलांनी हे कात्रण का ठेवले असेल, असेही मी विचारले. आत्याने सांगितले की वडील वर्गात भूगोल शिकवताना मुलांना अशी चित्रे दाखवीत. एका कोपऱ्यात टाचणीची भोके आहेत, त्यांचा उलगडा मला तेव्हा झाला.

वाचनालयासाठी मी पुढीलप्रमाणे मजकूर तयार केला आहे. चूक असल्यास दाखवावी.

'हर्णै बंदर, ता. दापोली. खोल पाण्यात उभ्या असलेल्या आगबोटीकडे पडावातून निघालेले उतारू. वर्तमानपत्राचे नाव अज्ञात. छपाई मे १९६० ते मे १९६४ या काळातील (आधार : मागील बाजूस नव्या पैशांतील किंमत व महाराष्ट्र राज्याची निविदा). हंगाम उन्हाळ्याचा (आधार : शिवलेल्या करंड्या, मध्यान्हीच्या आखूड सावल्या). बोटीचे नाव वाचता येत नाही.'

तिथीचा अंदाज सध्या घातलेला नाही, कारण ओल्या पट्ट्याची खात्री नाही. पुढच्या महिन्यात मुंबईला जाणार आहे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात त्या पाच उन्हाळ्यांतील दैनिकांच्या फायली पाहायला मिळतात का, ते विचारीन. दर्यावर्दींना विनंती की त्या पाच वर्षांतील एप्रिल-मेच्या सप्तमी-अष्टमी कोणत्या इंग्रजी तारखांना येतात, त्याची यादी पंचांगावरून करून द्यावी, म्हणजे कोणत्या तारखांचे अंक आधी काढायचे ते ठरवता येईल.

दर्यावर्दी :

यादी रविवारपर्यंत देतो. प्रत्येक तिथीच्या आधीचे दोन आणि नंतरचे चार दिवस धरीन, कारण चित्र मुंबईला पोहोचून छापले जाण्यात दिवस जात असणार. मजकुरात 'पडावाचे शीड गुंडाळलेले, पडाव वल्ह्यांवर' एवढे जोडावे आणि ते आत्यांनी सांगितले असेही लिहावे.

धागाकर्ती :

जोडले. आता कात्रण १७, आरशातून सुलट केलेले. गाडीच्या मागे खाडीचे पाणी, पलीकडे माडांची रांग आणि अलीकडे तरीची वाट पाहणारी दोन बैलगाड्यांची जोडी दिसते. खालची ओळ कापली गेली आहे आणि मागची बाजू पूर्ण चिकटलेली आहे. वहीच्या पानावर फक्त 'चैत्र' हा महिना वाचता येतो. दाभोळ, जयगड किंवा भाट्ये यांपैकी कोणत्या खाडीचा हा काठ असेल, हे त्या बाजूच्या सभासदांनी पाहून सांगावे.